बशीतला सेल

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, हे व्यवसायाने पुस्तकबांधणी करणारे असून गेली कित्येक वर्षे त्यांना श्रवणयंत्रावाचून ऐकू येत नाही. हे श्रवणयंत्र हल्लीच्या त्या नाजूक प्रकारचे नव्हे, जे कानाच्या आत बसते आणि पाहुण्यांना दिसतही नाही. मामांचे यंत्र म्हणजे काड्यापेटीहून थोडी मोठी अशी डबी. ती सदऱ्याच्या खिशात राहते, तिच्यातून एक वायर निघून कानातल्या बोंडापर्यंत जाते, आणि तिच्या पोटात एक पेन्सिल सेल बसतो.

या डबीला एक चाकासारखी कळ आहे. ती फिरवली असता आवाज कमीजास्त व्हावा आणि शेवटी यंत्र बंद व्हावे, अशी बनवणाऱ्याची योजना होती. तथापि ती कळ फार पूर्वीच निखळली आणि आता नुसती गरगर फिरते. कानातले बोंड काढून ठेवावे, तर यंत्र शिट्टी मारू लागते, आणि ती शिट्टी अशी, की खाली रस्त्यावर बसणारा इस्त्रीवाला मान वर करून बघतो. वायर उपटावी, तर ती एकदा ढिली झाली म्हणून मीच ती बांधणीच्या सरसाने कायमची चिकटवून टाकलेली. सबब, यंत्र बंद करण्याचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे झाकण उघडून सेल बाहेर काढणे.

दुपारी जेवायला बसले की मामा प्रथम सेल काढीत आणि ताटाशेजारच्या बशीत ठेवीत. कोणी कारण विचारलेच तर म्हणत, "जेवताना मी बोलत नाही. मग ऐकू तरी कशाला? तेवढाच सेल वाचतो."

सेल बशीत पडल्याचा टण्ण असा आवाज झाला, की सासूबाई बोलायला सुरुवात करीत. त्यांच्यामागून माझी पत्नी आणि तिच्यामागून माझे मेहुणे बोलत. मामांच्या देखत, किंबहुना मामांविषयी, जे काही बोलायचे असे ते सर्व याच वेळात बोलले जाई, आणि मामा मान खाली घालून शांतपणे जेवत. यात कोणाच्या मनात खोट होती असे मला मुळीच सुचवायचे नाही. ज्या घराचा खालचा मजला कारखाना आणि वरचा मजला संसार, आणि दोन्हींचा धनी एकच, त्या घरात मोकळेपणाने बोलायला एखादी वेळ असावी लागते. आमच्या घरात ती वेळ बशीवर चालत असे.

मामांना सेल फार लागत. म्हणून मी बाजारातून चार्जिंगच्या सेलची जोडी आणली. एक यंत्रात राहावा, दुसरा चार्जरमध्ये भरत राहावा, आणि पहिला संपला की अदलाबदल करावी, असा माझा हेतू होता. सेल हिरव्या रंगाचे आणि दिसायला गोजिरवाणे होते.

परंतु ते आत जाईनात. पेन्सिल सेल सगळे सारख्याच मापाचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात चार्जिंगच्या सेलचे अंग किंचित भरलेले असते आणि त्यावरचे वेष्टनही जाड असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळतो. मी अंगठा दाबून सेल बसवला. मग तो निघेना. डबी तळहातावर आपटली, टेबलावर आपटली, उलटी धरून हलवली. अखेर दाभणाच्या टोकाने उचकटला तेव्हा तो कसाबसा बाहेर आला.

मीही मामांच्याच कारखान्यात बांधणी करतो, आणि अशा वेळी मनुष्य आपल्या धंद्यात उपाय शोधतो. जाड पुस्तकांत खुणेसाठी जी रेशमी फीत घालतात, तिचे रीळ माझ्या हाताशीच होते. मी वीतभर फीत कापली, सेलच्या खालून घातली आणि तिचे टोक झाकणाच्या फटीतून बाहेर काढले. टोक ओढताच सेल टुणकन उडाला आणि टेबलाखाली गडगडत गेला. मला इतका आनंद झाला की मी पत्नीला हाक मारून तो प्रयोग पुन्हा करून दाखवला. ती म्हणाली, "छान आहे, पण तो आता सापडेल का?"

फितीलाही जाडी असते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. सहाशे पानांच्या पुस्तकात ती जाणवत नाही.

मी यंत्र मामांच्या स्वाधीन केले. त्यांनी फीत बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "पोथीसारखं दिसतंय. बरं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा जेवायला बसले तेव्हा बशी रिकामी होती. सासूबाईंनी वाढता वाढता बशीकडे पाहिले आणि तोंड उघडले होते ते मिटले. मेहुणे खाकरले. माझी पत्नी म्हणाली, "आज ऊन आहे." यावर सगळ्यांनी होकार दिला. त्यानंतर जेवण संपेपर्यंत भांड्यांखेरीज कोणी आवाज केला नाही.

हात धुताना मी मामांना विचारले, "काय मामा, सेल निघाला नाही का?"

"निघतो की! निघतो," ते घाईने म्हणाले. "आज म्हटलं, जरा ऐकावं."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बशीत टण्ण असा आवाज झाला. सासूबाईंनी जणू कालपासून धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि घर पूर्ववत बोलू लागले. माझी फीत उत्तम काम देत आहे, याचे मला मनोमन समाधान वाटले.

त्या आठवड्यात बोलण्याचा विषय एकच होता, तो म्हणजे कटिंग मशीन. कारखान्यातले हे यंत्र कपाटाएवढे असून त्याचे पाते हातभर लांब आहे. पानांचा गठ्ठा खाली सरकवला, की प्रथम लोखंडी दाब उतरतो आणि त्यामागून पाते उतरते. दाब उतरण्याआधी हात बाहेर असला पाहिजे. हे काम मामांनी तरुणपणापासून केले आणि दुसऱ्या कोणाला त्या यंत्रापाशी उभे राहू दिले नाही. परंतु अलीकडे त्यांचा हात बाहेर यायला उशीर होऊ लागला होता. एकदा नख गेले. एकदा बाहीचे बटण गेले. आणि एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचा अख्खा गठ्ठा असा कापला गेला, की उजव्या पानांवरच्या प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर नाहीसे झाले. संस्थेचे चिटणीस येऊन म्हणाले, "अध्यक्षांचं आडनाव तरी ठेवायचं होतं हो!"

माझे मेहुणे कारखान्याचा बाहेरचा व्यवहार पाहतात. त्यांनी सरळ यंत्र विकण्याचे ठरवले. पुस्तके कापायला दुसरीकडे पाठवू, असे त्यांचे म्हणणे. शनिवारी एक गिऱ्हाईक यंत्र पाहायला येणार होते. राहिला प्रश्न एवढाच, की मामांना हे कोणी सांगायचे.

"आई, तू सांग," मेहुणे म्हणाले.

"मी? लग्न झाल्यापासून मी त्यांना सांगतेच आहे. त्यांनी एक तरी ऐकलंय? कान चांगले होते तेव्हाही नाही."

"ताई, मग तू."

"मी सांगितलं तर ते हसतात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवतात," माझी पत्नी म्हणाली. "मग पुढचं बोलता येत नाही."

"आणि मी सांगितलं तर म्हणतील, पोराला धंदा गिळायचाय."

"गिळायचाच आहे तुला!" सासूबाई म्हणाल्या. "चावून तरी खा."

मग तिघांनी माझ्याकडे पाहिले.

"भावोजी सांगतील," मेहुणे म्हणाले. "जावयाचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

"हो, हे सांगतील," माझी पत्नी म्हणाली. "यांना शब्दही बरेच येतात."

हे सर्व मामांच्या समोर चालले होते. मामा भाजीत काय आहे ते निरखीत होते.

माझे स्वतःचे मत असे होते की यंत्र विकू नये, परंतु मामांनी त्यावरून उतरावे. हे मत मला मेहुण्यांना पटवता आले असते. मामांना सांगणे मात्र मला जमण्यासारखे नव्हते. ज्याने मला सुईत दोरा कसा ओवायचा इथपासून शिकवले, त्याला आता तू ऊठ असे सांगायला जीभ रेटत नाही. मी आज सांगतो, उद्या सांगतो, असे करीत राहिलो आणि शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी दुपारी जेवताना मी पाण्याचा तांब्या घ्यायला मामांच्या पलीकडे हात लांबवला आणि माझी दृष्टी बशीत गेली. बशीतला सेल लाल होता.

मी आणलेले सेल हिरवे होते. हा लाल सेल म्हणजे मामांच्या खणात पडलेल्या जुन्या, संपलेल्या सेलांपैकी एक होता. मग मला हेही आठवले, की चार्जरमधला दुसरा सेल मी भरून ठेवला तेव्हापासून जागचा हललेला नाही. म्हणजे पहिला सेल यंत्रातून एकदाही निघालेला नव्हता. तो आत होता, यंत्र चालू होते, आणि घरातल्या मंडळींसाठी मामा रोज बशीत एक खोटा सेल टाकीत होते.

तांब्या हातात धरून मी मामांकडे पाहिले. कानात बोंड होते. ते जेवत होते.

नेमक्या त्याच वेळी मेहुणे म्हणाले, "भावोजी, उद्या शनिवार. तुमचं नक्की काय म्हणणं आहे ते आज होऊन जाऊ द्या."

वाचकहो, मला त्या क्षणी परमेश्वरानेच वाट काढून दिली असे वाटले. समोर बसून सांगण्याचे धाडस माझ्यापाशी नव्हते. आता मी मेहुण्यांकडे तोंड करून बोललो तरी ते मामांपर्यंत जाणार होते. मी तांब्या खाली ठेवला, घसा साफ केला आणि बोललो ते येणेप्रमाणे:

"माझे मत विचाराल, तर यंत्र विकले जाऊ नये. ज्या यंत्राने या घराला अन्न दिले, ते कोणा परक्याच्या दारात उभे राहावे हे मला प्रशस्त वाटत नाही. तथापि मामांनी यापुढे त्यावर काम करू नये, असेही माझे विनम्र मत आहे. त्यांच्या कौशल्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु दाब उतरतो तेव्हा आमचा जीव वर येतो. मी ते काम शिकण्यास तयार आहे, आणि ते मी मामांकडूनच शिकेन."

मग माझी पत्नी म्हणाली, "असं काय बोलताय, सभेत बोलल्यासारखं? आणि बाबांना 'विनम्र' कशाला? ते कुठे ऐकतायत!"

"मीठ," मामा म्हणाले.

मीठ दिले गेले. मामांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. त्यांच्या संयमाने मी भारावून गेलो. एवढे ऐकून मनुष्याने नुसते मीठ मागावे, याला मोठे मन लागते.

जेवण झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो आणि हलकेच म्हणालो, "मामा, तुम्ही सगळं ऐकलंत. मला क्षमा करा."

"अं?" मामा म्हणाले.

"ऐकलंत ना?"

मामांनी खिशातली डबी काढून माझ्या हातात दिली. "सकाळीच बंद पडलं," ज्यांना आपलाच आवाज ऐकू येत नाही अशी माणसे बोलतात तसे ते मोठ्याने म्हणाले. "तेव्हापासून काही ऐकू येत नाही. तुम्ही काय म्हणताय?"

त्यांच्या आवाजाने घरची मंडळी गोळा झाली. मामांनी दुसऱ्या खिशातून माझ्या फितीचे तुटलेले टोक काढले. उरलेला तुकडा सेलखालीच अडकला होता.

"फीत चांगली होती," ते मला म्हणाले. "माझाच हात जड. पहिल्याच दिवशी तुटली. तुम्ही हौसेनं लावलेली, म्हणून बोललो नाही. पण त्या दिवशी जेवताना कोणी तोंड उघडेना. मला वाटलं, घरात कोणाचं काही झालं की काय. मग दुसऱ्या दिवशी खणातला जुना सेल टाकला बशीत, आणि सुरू झालात सगळे."

सासूबाई भिंतीला टेकल्या. "अगं बाई! म्हणजे इतके दिवस..." त्या म्हणाल्या. "परवा मी काय काय बोलले?"

मामांना शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरा वाचता आला. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "नवीन काही नव्हतं."

मेहुण्यांनी डबी माझ्या हातातून घेतली आणि झाकण उघडले. सेल आत असा बसला होता की जणू डबी त्याच्याभोवती ओतली असावी. मेहुण्यांनी नख लावले, ते मोडले. माझ्या पत्नीने केसांतला आकडा दिला, तो वाकला. मी हाडाची पट्टी आणली, जिने आम्ही कागदाची घडी दाबतो, परंतु सेल आणि भिंत यांच्यामध्ये तिच्याइतकीही जागा नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "साबण लावा." साबण लावला. आता तो निसरडाही झाला.

मी सांगतो तेव्हा प्रामाणिकपणेच सांगतो, की तो सेल कधीही निघू नये असे मला वाटत होते.

"राहू द्या ते," मामा म्हणाले. "आधी काय म्हणत होतात ते सांगा. जेवताना तुमचे ओठ फार वेळ हलत होते."

"काही विशेष नाही," मी हातवारे करून सांगितले.

"विशेष नसताना इतका वेळ?" मामा खुर्ची ओढून बसले आणि डावा कान माझ्याकडे केला. "ओरडा. थोडं येतं."

मी मघाचेच वाक्य जुळवू लागलो. "माझे विनम्र मत," मी ओरडलो.

"अं?"

"विनम्र मत!"

"कोण मेलं?"

मंडळींच्या नजरा माझ्यावर खिळल्या होत्या. माझे सगळे चांगले शब्द त्या कानाच्या दारातच गळून पडत होते. 'प्रशस्त' ओरडता येत नाही. 'तिळमात्र' तर मुळीच नाही. शेवटी मी तोंड कानाला लावले आणि जे शब्द जाण्यासारखे होते तेवढेच सोडले.

"मशीन! तुम्ही! चालवू! नका!"

खालून इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "कुठलं मशीन?"

"तुम्ही नाही हो!" मेहुणे खिडकीतून ओरडले.

मामांनी मान सरळ केली. त्यांना कळले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "का?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. खळीने आणि सरसाने कडक झालेली ती बोटे मी एकेक करून धरली आणि मोजली. दहाही मोजून झाल्यावर मी ताटाच्या जागेकडे बोट केले, घास घेतल्याची खूण केली, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून मोजू लागलो. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग पत्नीकडे बोट केले, मेहुण्यांकडे केले, सासूबाईंकडे केले.

"मी जेवायला आलो की?" मामांनी विचारले.

मी मान हलवली.

"सगळे? रोज?"

सगळ्यांनी मान हलवली. मेहुण्यांनीसुद्धा हलवली, जे मला अपेक्षित नव्हते.

मामांनी सासूबाईंकडे पाहिले. "तूही?"

सासूबाईंनी मानेनेच होय म्हणून सांगितले.

"मला वाटायचं," मामा म्हणाले, "तू माझे घास मोजतेस."

सासूबाई आत गेल्या आणि आतून भांडी आवरल्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला.

मामा आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग मेहुण्यांना म्हणाले, "उद्या येणाऱ्याला नको म्हणून कळव. मशीन विकायचं नाही."

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" मेहुणे म्हणाले, आणि मग ऐकू येत नाही हे ध्यानात येऊन त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या.

"ऐकलं होतं," मामा म्हणाले. "पण ते मला उद्देशून नव्हतं, म्हणून मध्ये बोललो नाही. सांगायला कोणीतरी येईल म्हटलं." ते खुर्चीवरून उठले. "जावईबापू कापतील. त्यांना येत नाही, पण येईल."

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत मी चामडे सोलायच्या सुरीने डबीची एक भिंत कापून काढली. भिंत गेली तसा सेल आपोआप माझ्या हातात आला. आता झाकण लागत नाही, म्हणून डबीला पुस्तकाच्या कापडाची पट्टी गुंडाळली आहे. हिरवे सेल भिंतीवरच्या घड्याळाला कामी आले. त्याचे पोट मोठे आहे.

शनिवारी सकाळी मी कटिंग मशीनपाशी उभा राहिलो. गठ्ठा ठोकून सारखा केला, खाली सरकवला, मागची पट्टी मापाला लावली. मामा माझ्या समोर उभे होते. आपले हात कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हते. प्रथम त्यांनी ते खिशात घातले, मग घडी केली, शेवटी पाठीमागे बांधले. यंत्राचा आवाज कानात बोचत असणार. तरी त्यांनी बोंड काढले नाही.

मी कळीला हात घालण्यापूर्वी ते म्हणाले, "हात."

माझे हात बाहेरच होते. तरीही मी ते आणखी थोडे मागे घेतले. मामांनी पाहिले, मान हलवली, आणि मी दाब खाली सोडला.